प्रेसच्या मागचं दार

४ मार्च, मंगळवार

शी! आज पुन्हा ओला कापूस. गाडीत वर वर पांढराशुभ्र, हात कोपरापर्यंत घातला की खाली चिखल. बोटांना गुटख्याची पुडी लागली. वापरलेली! ग्रेडरची नोकरी म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या लबाडीत हात घालत बसायचं. मीटर लावला तर अठरा टक्के ओल. गाडीवाला म्हणतो, "ताई, दव पडलं." मार्चमध्ये. जळगावात. दव!

घरी आले तर पहूरचं स्थळ बसलेलं. मुलाची आई म्हणाली, "जरा चालून दाखव, बाई." दाखवलं चालून. सरळ मोरीत गेले आणि ते उठेपर्यंत हात धूत बसले. आई तेव्हापासून बोलत नाही. भाऊ म्हणाला, "हिला माणसांचीच किळस येते." एकटी नूतनवहिनी तेवढी पदर तोंडाला लावून हसत होती.

भाऊ काही खोटं बोलला नाही. एकतीस वर्षांत किळस आली नाही असा एकही बाप्या मला दिसलेला नाही.

९ मार्च, रविवार

लिहू का नको? लिहिते. वेड लागलंय असं कुणी म्हणायच्या आत कागदावर असलेलं बरं.

जिनिंग मिल बंद होती. नमुने लावायचे राहिले म्हणून एकटीच गेले. शेवटच्या शेडमध्ये जुनी प्रेस आहे. इंग्रजांच्या काळातली, कापसाची गाठ दाबायची, मोठं चाक हाताने फिरवायची. मालक बन्सीशेठ ती भंगारात देत नाहीत, पाहुण्यांना दाखवतात. तिच्या मागे एक दार आहे. उघडलं की नुसत्या विटा.

आज ते दार आतून उघडलं आणि माणूस बाहेर आला!

धोतर, अंगरखा, लाल पागोटं, कानावर बोरू. मी विचारलं, शूटिंग आहे का? त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ ढिगाकडे गेला, कोपरापर्यंत हात घातला आणि नाक मुरडलं. अहिराणीत म्हणाला, "बठ्ठा कापूस ओला शे!" म्हणजे सगळाच ओला.

नंतर म्हणाला, नाव रुपचंद, धुळ्याकडचा. "मी कापूस तपासनारा सायबना कारकून शे." साल विचारलं. अठराशे सदुसष्ट, राणीचं राज्य. मी म्हटलं, कोणती राणी? तर तो असा बघायला लागला की जणू वेडी मीच.

मग माझ्या अंगावरचा ड्रेस दिसला, भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, ट्यूबलाइट दिसली. मटकन खाली बसला. पाणी दिलं, तर म्हणतो आधी जात सांगा. शी! दीडशे वर्षं ओलांडून आला आणि पहिला प्रश्न हा.

बैल, घाम आणि तिळाचं तेल, असा वास येत होता. तो गेल्यावर मी दारापाशी गेले. विटाच होत्या. वास मात्र होता.

१६ मार्च, रविवार

आला. मी मुद्दाम गेले नव्हते. (गेले होते.)

त्याने सांगितलं ते असं. त्याच्या सायबाला यंत्रांचं वेड. विलायतेहून आणलेल्या प्रेसमध्ये त्याने स्वतः एक पितळी घड्याळ बसवलं. गाठ किती दाबली ते मोजायचं आणि लोक आत दगड भरतात ते पकडायचं. चाक सुलटं फिरवलं की कापूस दबतो. एकदा रुपचंदने दगड शोधायला चाक उलटं फिरवलं, पुरे सात फेरे. "जे दाबेल व्हतं ते बठ्ठं सुटनं," म्हणाला. कापूस सुटला आणि मागचं दार इकडे उघडलं. सायबाला त्याने अजून सांगितलेलं नाही. सायब इकडे आला तर इथलीही जमीन मोजायला घेईल, म्हणतो.

म्हणजे लोक तेव्हाही कापूस भिजवत होते, दगड भरत होते! मला वाटायचं, ही घाण आमच्याच पिढीची. वडिलार्जित निघाली.

६ एप्रिल, रविवार

त्याने कापसाचा एक पुंजका घेतला, दोन चिमट्यांत धरून हळूहळू ओढला, तंतू अंगठ्यावर सरळ केले आणि डोळे बारीक करून लांबी बघितली. मी पण अशीच बघते. शाळेत कुणी शिकवत नाही हे, हाताला यावं लागतं. मग तो तेवढे तंतू माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, "तुमीच सांगा." मी सांगितलं. तो म्हणाला, "बराबर."

एवढंच झालं. बोटसुद्धा लागलं नाही. आणि मी घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही.

७ एप्रिल, सोमवार

मला माझीच किळस येतेय. सोळा वर्षांच्या पोरी करतात असलं.

१३ एप्रिल, रविवार

वहिनीला सांगितलं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात राहीना. वाटलं हसेल. ती भाजी निवडत होती, हात थांबला. "माणूस चांगला आहे का?" एवढंच विचारलं. अठराशे सदुसष्टवर तिचं काही म्हणणंच नाही! धुळ्याकडच्या बायका अशाच का असतात, देव जाणे.

मी म्हटलं, आंघोळ कमी करतो. ती म्हणाली, "तुमचा भाऊ तरी कुठे करतो, ताई?"

चार वर्षं झाली वहिनी ह्या घरात येऊन. तिच्याआधी मी कोणाशी बोलत होते, ते आता आठवतही नाही.

२० एप्रिल, रविवार

आज मी तिकडे गेले. दाराच्या पलीकडे! वहिनीचं नऊवारी नेसले, डोक्यावरून पदर.

लोक जुना काळ, जुना काळ करतात. या म्हणावं, वास घ्या. रस्त्यात शेण, शेणावर माशा, त्याच माशा पोरांच्या डोळ्यांवर. विहिरीवर एका बाईला लोक दुरून पाणी ओतत होते, ओंजळीत, वरून. सायबाच्या तंबूसमोर एक शेतकरी उन्हात उभा केलेला. गाठीत दगड सापडला म्हणून तोच दगड डोक्यावर देऊन. सायब सावलीत काटेचमच्याने आंबा खात होता. आंबा, काट्याने! बाभळीखाली जाऊन ओकले.

रुपचंद पाण्याचा तांब्या घेऊन आला. ह्या वेळी जात विचारली नाही. "संध्याकाळले मी दगड उतारी दिसू," म्हणाला, "सायब झोपी गया की." त्याने खरंच उतरवला. मी स्वतः बघून आले.

मेले मी. लिहूनच टाकते. हा आवडलाय मला. उद्या म्हणाला इकडे राहा, तर माशांसकट राहीन.

४ मे, रविवार

त्याला बायको आहे.

नऊ वर्षांची.

अंगणात जात्यावर बसली होती. जात्याचा खुंटा धरायला तिला गुडघ्यांवर उभं राहावं लागत होतं. मला वाटलं बहीण. मी तिला विचारलं, नाव काय ग? म्हणाली यशोदा. कुणाची तू? तर लाजून आत पळाली. रुपचंद जमिनीकडे बघत म्हणाला, "मनी मायनी लगीन करी दिधं. मी काय बोलू?"

मी काय बोलू! शेतकऱ्याच्या डोक्यावरचा दगड उतरवतो आणि घरात हे. मी म्हटलं, लाज वाटत नाही? त्याला खरंच कळेना मी कशाबद्दल बोलतेय. "बठ्ठास्ना घरमा असंच शे," म्हणाला. "ती आते मायजोडे ऱ्हास, काम शिकस." मग अगदी मनापासून, "तुमीबी ऱ्हा. दोन्हीजनी ऱ्हाशात."

थप्पड मारायला हात उचलला होता. मारली नाही. त्याच्या अंगाला हात लावायचाच नव्हता मला.

५ मे, सोमवार

अंगाला साबण लावला. पुन्हा लावला. जात नाही.

१८ मे, रविवार

दोन रविवार गेले, शेडकडे फिरकले नाही. पंचेचाळीस डिग्री ऊन. मुक्ताईनगरचं स्थळ आलं होतं. मुलगा पूर्ण वेळ मोबाईलमध्ये. मला त्याची किळससुद्धा आली नाही, इतकी माझी किळस दुसरीकडे गुंतलेली.

ती पोर डोळ्यांसमोरून हलत नाही. गुडघ्यांवर उभी राहून दळतेय.

८ जून, रविवार

केलं! जे व्हायचं ते होवो.

चाक मी फिरवलं, उलटं, सात फेरे. नुसतं बघून यायचं ठरवलं होतं, देवाशपथ. यशोदा चुलीपाशी रडत होती, आवाज न करता. उजव्या हातावर मनगटापासून चाफ्याच्या पानाएवढा डाग, लालभडक, फोड आलेला. भाकरी करपली म्हणून सासूने तापलेला कालथा लावला. सासू बाहेर कांदे निवडत गाणं म्हणत होती. गाणं!

मी विचारलं, माझ्याबरोबर येतेस? तिने फक्त विचारलं, "तठे जातं शे का?" मी म्हटलं, जातं नाही, दळायचं नाही. तिने डावा हात माझ्या हातात दिला.

रुपचंद कचेरीत होता. त्याला कळवलं नाही. चोरी केली मी. आणि ह्या एका गोष्टीची मला अजिबात किळस येत नाही.

११ जून, बुधवार

आई-आबांना सांगितलं, वहिनीच्या माहेरची लांबची पोर, आईबाप नाहीत. आई म्हणाली, "खाऊ घाला व तिले, हाडं दिसू राह्यली पोरीचे." वहिनी तिच्याशी अहिराणीत बोलते. दवाखान्यात नेऊन हाताला मलम आणलं. पंखा सुरू केला की यशोदा अजूनही आईच्या मागे लपते. केळी मात्र एका बैठकीला सहा खाल्ली.

भाऊ म्हणतो, शाळेत घालू. भाऊला पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलताना ऐकलं.

२७ जून, शुक्रवार

काय ऐकलं मी आज!

वहिनी यशोदेच्या हातावर मलम लावत होती. एकदम थांबली. डाग वाळून आता नीट दिसायला लागलाय. म्हणाली, "ताई, आमच्या माहेरी देव्हाऱ्यात मूळ आजीचा चांदीचा टाक आहे. तिच्या उजव्या हातावर सासूने कालथा लावला होता म्हणे. ती स्वतः सासू झाली तेव्हा तिने शपथ घातली की ह्या घरात सुनेवर कुणी हात उचलायचा नाही. आजपर्यंत कुणी उचलला नाही." मी विचारलं, आजीचं नाव? म्हणाली, "यशोदा. आणि आजोबा सायबाच्या कापूस कचेरीत होते. रुपचंद."

म्हणजे ही पोर तिकडे राहिली असती, मोठी झाली असती, तिला मुलं झाली असती, त्यांना मुलं. आणि त्यांच्या शेवटी आमची वहिनी.

मी म्हटलं, परत सोडू? रविवारीच सोडते. वहिनीने यशोदेचा हात माझ्यासमोर धरला. "हा बघा. आणि मला सांगा, कोणत्या तोंडाने सोडायची?"

"पण वहिनी, तू?"

"मी काय? मी आहे की इथे. तीन आठवडे झाले तिला येऊन. माझं एक नख तरी कमी झालं का?" आणि हसली. यशोदेला विचारलं, जायचं का ग घरी? ती म्हणाली, "मले जानं नही." वहिनी म्हणाली, "ऐकलं?"

मला हेच ऐकायचं होतं. म्हणून मी पुढे काही बोलले नाही. हे लिहिताना माझ्याच मनाची शिसारी येतेय.

१३ जुलै, रविवार

शेडमध्ये गेले तर रुपचंद आला होता. दाढी वाढलेली, पागोटं नाही. "माय इचारस, पोर कोठे गयी? गावमा बठ्ठा म्हनतस, इहीरमा पडनी."

मी सांगितलं, माझ्याकडे आहे. तो रडला. बाप्याला असं रडताना मी कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, परत द्या, मायला मी आवरीन, पोरीला लिहायला-वाचायला शिकवीन, स्वतः शिकवीन. आणि मला माहीत आहे, त्याने शिकवलं असतं. वहिनीच्या घरातली ती शपथ काही हवेतून आली नसेल. हा माणूस वाईट नाहीच, हेच तर असह्य आहे! चांगला माणूस, आणि त्याच्या घरात नऊ वर्षांची पोर भाजते आणि तो कचेरीत बसून दुसऱ्यांची लबाडी तपासतो.

मी म्हटलं, तुम्हीच इकडे या. क्षणभर 'येतो' असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मग गेलं. "माय एकली शे."

दारात वळून म्हणाला, "पुढला महिनामा परत येसू. पोरले घेवाले." धमकी नव्हती. नुसतं सांगितलं.

मी त्याच्यावर जीव टाकला होता. अजूनही टाकते. थू!

१४ जुलै, सोमवार

यशोदेने पाटीवर क काढला. वहिनीने शिकवला. सगळ्या घराला धावत जाऊन दाखवला, शेजारच्या म्हशीलासुद्धा.

२२ जुलै, मंगळवार

वहिनीला पुन्हा विचारलं. आता शेवटचं विचारते म्हटलं, कारण प्रेस तोडली की पोरीला परतीची वाट उरणार नाही, ते उलटं फिरत नाही. ती पीठ चाळत होती. म्हणाली, "ताई, तुम्ही कापूस ओला असला तर सरळ परत पाठवता. इथे काय अडलंय?"

"भीती वाटते ग."

"मला पण वाटते," ती म्हणाली. हसली नाही ह्या वेळी. "पण हिला तिथे सोडून मी रोज जेवणार कशी?" मग चाळणी आपटली आणि म्हणाली, "जा, उठा, मला काम करू द्या."

३० जुलै, बुधवार

आज प्रेस कापली.

बन्सीशेठना पटवायला आठवडा गेला. म्हटलं, गंजलीय, कुणाच्या अंगावर पडली तर पोलीस तुमच्या दारात येतील. पोलीस म्हटल्यावर लगेच तयार झाले, असले मालक! दुपारी गॅसकटरवाले आले. जुनं वंगण जळून असा घाण धूर निघाला की शेडमध्ये उभं राहवेना. मी उभी राहिले. आत खरंच पितळी डबा निघाला, घड्याळासारखा, काटे थांबलेले. कापणाऱ्याने विचारलं, हे ठेवायचं का? मी म्हटलं, आधी तेच काप.

शेवटी मागचं दार काढलं. विटा. हाताने चाचपून बघितल्या, सगळ्या.

त्याच्यासाठी रडले थोडी. त्या वासात रडलं तरी धुरामुळे म्हणता येतं.

घरी आले. वहिनी दारातच उभी होती, "झालं?" म्हणाली. मी मान हलवली. तिने माझ्या केसांतली काजळी झटकली आणि आंघोळीला पाणी काढलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळपासून वहिनी दिसली नाही. वाटलं, रविवारी कानबाईचा सण, बाजारात गेली असेल.

आई कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू घ्यायला बसली. आमच्या घरी प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मूठ, लग्न झालेला असला की बायकोची दुसरी. आईने आबांचं नाव घेऊन परातीत दोन मुठी टाकल्या. मग भाऊचं नाव घेऊन एक टाकली, हात झटकले आणि सूप उचललं.

मी म्हटलं, "आई, भाऊच्या दोन ना?"

"पयले त्याचं लगन तं होऊ दे," आई म्हणाली, "मंग टाकीन दोन."

भाऊ ओट्यावर पेपर वाचत होता. तो हसला.